हाड शाबूत, मान बेभरवशाची

३ जून २०१४. बीडचे खासदार आणि आठवडाभरापूर्वीच केंद्रात ग्रामविकासमंत्री झालेले गोपीनाथ मुंडे सकाळी दिल्लीच्या विमानतळाकडे निघाले होते. विजयाच्या सत्कारासाठी बीड जिल्हा त्यांची वाट पाहत होता. वाटेत एका चौकात बाजूने आलेल्या इंडिकाने त्यांच्या गाडीला धडक दिली. गाडीचा चेंदामेंदा झाला नाही. मुंडे मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता, अंगावर मोठी जखमही दिसत नव्हती. 'एम्स'च्या ट्रॉमा सेंटरमध्ये पोचवले तेव्हा नाडी आणि श्वास थांबलेले होते. डॉक्टरांनी सगळे प्रयत्न केले आणि सात वाजून वीस मिनिटांनी त्यांना मृत घोषित केले. शवविच्छेदनात दोन मोठ्या इजा पुढे आल्या : यकृत फाटले होते आणि मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा जोड मोडला होता.

मागचा पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले, ते स्वतः डॉक्टर. पण परळीपासून गेवराईपर्यंत लोकांच्या गळी ते उतरेना. एवढ्याशा धडकेने धडधाकट माणूस जातो कसा, हा प्रश्न पारापारावर विचारला गेला. संशय इतका वाढला की तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयनेही तो अपघातच ठरवला. लोकांचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मानेच्या रचनेत आहे.

मानेत सात मणके. त्यातला पहिला बाकीच्यांसारखा नसतो. ती नुसती एक कडी असते आणि डोके तिच्यावर टेकलेले असते. दुसऱ्या मणक्यातून दातासारखा एक खुंटा वर येतो आणि कडीच्या पुढच्या भागात उभा राहतो. आपण मान हलवून 'नाही' म्हणतो तेव्हा कडी या खुंट्याभोवती फिरते. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते त्यातले जवळपास निम्मे वळण या एका जोडातून येते. एवढी मोकळीक द्यायची तर हाडे एकमेकांत घट्ट बसवून चालत नाही. म्हणून खुंट्याला जागेवर धरण्याचे काम त्याच्या मागून आडव्या गेलेल्या एका चिवट पट्ट्यावर सोपवलेले आहे. हा आडवा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटला की खुंटा मागे सरकायला मोकळा. आणि मागे काय, तर मज्जारज्जू. या पातळीवर कडीच्या आतली जागा ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागलेली असते : एक वाटा खुंट्याचा, एक मज्जारज्जूचा, एक रिकामा. तो रिकामा वाटा संपेपर्यंत माणूस बोलतो-चालतो. तो संपला की मज्जारज्जू चेंगरतो. श्वासपटलाची नस तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते, त्यामुळे तिच्या वरच्या इजेत श्वासच बंद पडतो.

खालच्या पाच मणक्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. पुढून एक लांब अस्थिबंध, मागून एक, मधे चकती, दोन्ही अंगांना छोट्या सांध्यांची आवरणे, मागे कण्याच्या काट्यांना जोडणारे पट्टे. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो. ते झटक्याने पुढे गेले की मागचे पट्टे ताणतात, मागे गेले की पुढचे. हाड न मोडता पट्टा तुटला, तर आडवे झोपवल्यावर मणके पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. फोटो निघतो तो नेमका या अवस्थेत. 'एक्स-रे नॉर्मल आहे' हे वाक्य म्हणूनच मानेच्या बाबतीत अर्धेच असते.

अशा इजा गावाकडे कशा होतात ते एका गावावरून पाहू. चकलांबा हे बीडमधल्या गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाचे, शेवगावच्या हद्दीकडचे गाव. दिवाळीच्या आसपास या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्यांवर कोपीचे सामान, भांडीकुंडी, कोंबड्या आणि सगळ्याच्या वर माणसे, असे बिऱ्हाड रात्रभर रस्त्याने चालते. फडात गेल्यावर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढायचे. फळी दवाने ओली, पायात साधी चप्पल. याखेरीज दुचाकीचे अपघात आहेतच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेल्या विहिरीत सूर मारणारी पोरे आहेत, झाडावरून पडणारे आहेत, मळणीयंत्रात पदर किंवा ओढणी अडकून मानेला हिसका बसणाऱ्या बायका आहेत. मोठ्या शहरात मान दुखावते ती बहुतेक मोटारीत. इथे तिच्या वाटा पुष्कळ.

अशा वेळी गावात एमआरआय नसतो, सीटी स्कॅन नसतो आणि लागतही नाही. पहिल्या अर्ध्या तासात लागतात ते दोन हात. जखमीच्या डोक्याशी बसून दोन्ही तळव्यांनी डोके धडाच्या रेषेत स्थिर धरायचे, मान वळवायची नाही, हेल्मेट ओढून काढायचे नाही, पाणी पाजायला डोके उचलायचे नाही, आणि हलवावेच लागले तर चार माणसांनी ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर घ्यायचे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. ती येईपर्यंत जखमीला दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेण्याची घाई करायची नाही. मदत करणाऱ्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता जुनी झाली. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र वेगळीच आहे. अपघात होतो, माणूस उठून बसतो, चहा पितो, मान 'अवघडली' म्हणतो आणि संध्याकाळी कुणाकडून तरी ती कडकन मोडून घेतो. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेण्याची हौस एरवीही बरी नाही. मार लागलेल्या मानेला ती पक्षाघातापर्यंत नेऊ शकते, कारण मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या याच मणक्यांच्या भोकांतून वर जातात.

आता दवाखाना. पडलेल्या प्रत्येकाच्या मानेचा फोटो काढायचा का? काढला तर रेडिओलॉजी विभाग तुंबेल, न काढला तर हजारात एखादा सुटेल आणि तो एक आयुष्यभर खाटेवर राहील. या पेचावर दोन मोठे अभ्यास झाले. अमेरिकेतल्या २१ रुग्णालयांनी ३४,०६९ रुग्णांवर एक नियम तपासला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव नेक्सस. मानेच्या मधोमध, काट्यांवर दाबल्यावर दुखत नाही. माणूस दारूच्या किंवा औषधाच्या अमलाखाली नाही. पूर्ण शुद्धीत आहे. हातापायांत कमजोरी किंवा बधिरपणा नाही. आणि लक्ष वेधून घेईल असे दुसरे मोठे दुखणे, उदाहरणार्थ मोडलेली मांडी, नाही. हे पाचही जुळले तर फोटो नको. त्या अभ्यासात ८१८ जणांच्या मानेला इजा होती आणि नियमाने त्यांतले ८१० हेरले. (दारू प्यायल्याचे डॉक्टरांपासून लपवणाऱ्या नातेवाइकांनी दुसरी अट पुन्हा वाचावी.)

दुसरा नियम कॅनडाचा, २००१ चा. तो वय विचारतो : ६५ किंवा जास्त असेल तर फोटो. हातापायांना मुंग्या असतील तर फोटो. आणि पडण्याची रीत धोक्याची असेल तर फोटो. धोक्याची म्हणजे काय? तीन फूट किंवा त्याहून उंचावरून पडणे, डोक्यावर सरळ भार येणे, गाडी उलटणे, गाडीबाहेर फेकले जाणे, सायकलला धडक. यातले काही नसेल, कमी धोक्याची एखादी खूण असेल, उदाहरणार्थ तो अपघातानंतर चालला-फिरला असेल, आणि माणूस मान दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंश स्वतः वळवू शकत असेल, तर घरी जा. कॅनडात ही चाळणी बऱ्याच जणांना फोटोविना घरी पाठवते. गेवराईत तिच्यातून किती जण सुटतील? उसाची ट्रॉली तीन फुटांहून उंच, आंबा उंच, विहीर तर खोलच. विहिरीत सूर मारून तळाला डोके आपटणे हे 'डोक्यावर सरळ भार' याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. परदेशी नियम जसाच्या तसा आणला तरी इथल्या शेतीतले जवळपास प्रत्येक पडणे त्याच्या धोक्याच्या रकान्यात जाते, हे तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टरने ध्यानात ठेवलेले बरे.

मग पहिला फोटो एक्स-रेचा, कारण तो जवळ मिळतो. एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाहीत, हाडे दिसतात. अस्थिबंधाची खबर आडून काढावी लागते, जशी पावलांच्या ठशांवरून चोराची. बाजूने काढलेल्या फोटोत मणक्यांच्या पुढच्या कडा, मागच्या कडा, कमान आणि काटा जिथे मिळतात त्या जागा आणि काट्यांची टोके यांवरून चार मऊ वक्र रेषा ओढता येतात. त्यातली एखादी पायरीसारखी तुटली की संशय. एक मणका दुसऱ्यावर साडेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा शेजारच्या जोडीच्या मानाने अकरा अंशांपेक्षा जास्त वाकला, तर मान अस्थिर समजावी, असे व्हाइट आणि पंजाबी या दोघांनी मृतदेहांवरच्या प्रयोगांतून ठरवले. दोन काट्यांमधले अंतर मधेच पंख्यासारखे फाकलेले दिसले, तर मागचे पट्टे गेले असे समजायचे.

मणक्यांच्या पुढे, घशाच्या मागे, मऊ मांसाची एक सावली असते. दुसऱ्या मणक्यापुढे ती प्रौढात सहा मिलिमीटरपर्यंत, सहाव्यापुढे बावीसपर्यंत. तिथे रक्त साचले की ती फुगते. रेडिओलॉजी शिकणारी पोरे 'दोनला सहा, सहाला बावीस' असे घोकतात. कडी आणि खुंटा यांच्यातली फट प्रौढात तीन मिलिमीटरपेक्षा, मुलांत पाचपेक्षा जास्त दिसली तर आडव्या अस्थिबंधावर बोट ठेवायचे. तोंड उघडायला लावून समोरून आणखी एक फोटो काढतात; त्यात कडीच्या दोन्ही बाजू दुसऱ्या मणक्याबाहेर मिळून सात मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या असतील तर पट्टा तुटला, असा १९७० चा एक नियम आहे. पुढे एमआरआय आला आणि सातपेक्षा कमी सरकूनही पट्टा तुटलेला सापडू लागला.

आणि एक अगदी साधी चूक : सातवा मणका फोटोत न येणे. धिप्पाड, भरल्या खांद्यांच्या माणसात खांद्यांची सावली मानेच्या तळाला झाकते. छातीच्या पहिल्या मणक्याची वरची कड दिसत नसेल तर तो फोटो अपुरा. त्यावर 'नॉर्मल' लिहू नये. नेमक्या याच सांध्यावर, लवचीक मान आणि ताठ छाती जिथे भेटतात तिथे, इजा लपून बसतात.

एक्स-रे मुळात किती पकडतो? २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा डोळे उघडणारा होता. मानेच्या इजांपैकी साधा एक्स-रे सुमारे ५२ टक्के पकडतो, सीटी ९८ टक्के. म्हणूनच मोठ्या ट्रॉमा केंद्रांत प्रौढांसाठी आता एक्स-रेची पायरीच गाळतात आणि थेट सीटी करतात. मशीनच्या आत जाऊन बाहेर यायला काही मिनिटे पुरतात. सीटीतही अस्थिबंध नीट दिसत नाही, पण त्याच्या पाऊलखुणा कितीतरी स्पष्ट होतात : सांध्याची एक बाजू किंचित उघडी, कवटीचे बूड आणि कडी यांच्यात वाढलेली फट, किंवा पट्ट्याने ओढून काढलेली हाडाची कपची. तांदळाच्या कणीएवढी ही कपची फार बोलकी असते. ती कुठून निघाली यावरून कोणता पट्टा किती जोराने ओढला गेला हे कळते. मुलांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो, कारण मानेच्या सीटीचे किरण थेट थायरॉइडवर पडतात.

प्रत्यक्ष अस्थिबंध पाहायचा तर एमआरआय. निरोगी अस्थिबंधात पाणी कमी, त्यामुळे तो काळ्या रेघेसारखा दिसतो. चरबीचा उजेड दाबून टाकणारी एक खास पद्धत वापरली की सूज आणि रक्त पांढरेशुभ्र उठून दिसतात. काळी रेघ अखंड आणि भोवती पांढरे असेल तर पट्टा ताणलेला. रेघ मधेच तुटून पांढऱ्याने भरली असेल तर फाटलेला. हा उजेड पहिल्या दोन-तीन दिवसांत चांगला दिसतो, पुढे ओसरत जातो. तीन आठवड्यांनी 'करून बघू' म्हणून केलेला एमआरआय म्हणूनच बऱ्याचदा गुळमुळीत उत्तर देतो. चकती मागे सरकून मज्जारज्जूवर दाबते आहे का, मज्जारज्जूत सूज आहे का, हेही इथेच कळते.

पण जखमीला या यंत्रापर्यंत नेणे हेच एक प्रकरण. वीस-तीस मिनिटे स्थिर पडून राहायचे, आवाज सहन करायचा, आणि श्वासयंत्रावरचा रुग्ण असेल तर चुंबकाला चालणारी वेगळी उपकरणे हवीत. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेल्या एका नातेवाइकाला यंत्राने सिलिंडरसकट ओढून घेतले आणि त्याचा जीव गेला. चुंबक कायम चालू असतो. रुग्ण आत नसला तरी.

एमआरआयची दुसरी खोड उलटी आहे : तो फार दाखवतो. पांढरे दिसले म्हणजे मान अस्थिर झाली असे होत नाही. चाळिशी उलटलेल्या, डोक्यावर ओझी वाहिलेल्या माणसाच्या मानेत चकत्या वाळलेल्या आणि किंचित बाहेर आलेल्या असणारच; अपघात झाला नसता तरी अहवालात ते लिहून आले असते. अहवालाचा कागद हातात घेऊन 'मणक्यात गॅप आहे' म्हणत घाबरून फिरणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. म्हणून २००७ पासून शल्यचिकित्सक एक गुणपद्धत वापरतात. तीत हाडाच्या इजेला, चकती व अस्थिबंध यांच्या जुळणीला आणि नसांच्या स्थितीला वेगवेगळे गुण देतात. जुळणी शाबूत असेल तर शून्य, शंका असेल तर एक, तुटली असेल तर दोन. तिन्हींची बेरीज पाच किंवा जास्त झाली तर शस्त्रक्रियेकडे कल.

बेशुद्ध रुग्णाचे काय, यावर बरीच वर्षे वाद झाला. त्याला दुखते का हे विचारता येत नाही, म्हणून मानेचा पट्टा आठवडेच्या आठवडे तसाच ठेवत. पट्ट्याखाली त्वचेला जखमा होतात, मेंदूचा दाब वाढतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील ट्रॉमा शल्यचिकित्सकांच्या 'ईस्ट' या संघटनेने सगळे पुरावे चाळून सांगितले की उत्तम दर्जाच्या सीटीत काही सापडले नाही तर पट्टा काढावा. यातले 'उत्तम दर्जाच्या' हे शब्द सैल धरून चालणार नाही. पातळ कापांचा, तिन्ही दिशांनी पाहिलेला आणि सवयीच्या डोळ्यांनी वाचलेला सीटी असेल तरच हा सल्ला लागू पडतो.

मुलांची मान वेगळी. डोके मोठे, स्नायू कोवळे, अस्थिबंध ताणले जाणारे. कणा ताणला जाऊन परत जागेवर येतो, पण मज्जारज्जूला तेवढा ताण सोसत नाही. १९८२ मध्ये पांग आणि विल्बर्गर यांनी अशा मुलांची नोंद केली : एक्स-रे साफ, हातपाय लुळे. काहींत लक्षणे काही तासांनी, क्वचित दिवसांनी उमटली होती. पडल्यावर 'अंगातून वीज गेली' असे सांगणाऱ्या मुलाला खेळायला परत पाठवू नये. उलट बाजूला, लहान मुलांत दुसरा मणका तिसऱ्यावर थोडा सरकलेला दिसणे ही वाढीतलीच गोष्ट असते. ती इजा समजून घाबरणारेही असतात.

पूर्वी शंका असली की मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढत. ताज्या दुखण्यात स्नायू इतके आखडलेले असतात की मान वाकतच नाही आणि फोटो फसवा येतो. आता तसे फोटो काढले तर आखडलेपणा गेल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, आणि रुग्णाने स्वतः जमेल तेवढीच मान हलवून. तोवर मानेला आधाराचा पट्टा. दुसऱ्या कुणी मान धरून वाकवायची नाही.

अस्थिबंध तुटल्याचे ठरले तर पुढचा रस्ता एका तपशिलावर अवलंबून असतो. आडवा अस्थिबंध मधोमध फाटला असेल तर तो सहसा भरून येत नाही. हाडाची कपची घेऊन निघाला असेल तर डोक्याभोवती बाहेरून बसवलेल्या चौकटीच्या आधाराने ते हाड पुष्कळदा जुळते. पहिल्या प्रकारात दोन मणके एकमेकांना स्क्रूने बांधावे लागतात, आणि यातले मोठे पाऊल मुंबईत पडले. परळच्या केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भागात आणि दुसऱ्या मणक्यात थेट स्क्रू घालून त्यांना पट्टीने जोडण्याची पद्धत विकसित केली. तिच्यावरचा लेख १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून तिचा एक प्रकार मांडला. आज गोयल-हार्म्स या जोडनावाने ती जगभर केली जाते.

या बांधणीने जीव वाचतो, पण मानेचे निम्मे वळण कायमचे जाते. मागे पाहायचे तर खांद्यासकट वळावे लागते, आणि ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला हे रोज लागते. म्हणून शल्यचिकित्सक हात घालण्याआधी पातळ कापांचा सीटी आणि एमआरआय शेजारी शेजारी ठेवून एवढेच पुन्हा पुन्हा पाहतात : पट्टा मधे फाटला आहे, की हाड घेऊन सुटला आहे.